त्रेचाळीस इंची ट्रॅक्टर

रंगनाथराव विधाते यांनी एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात इतरांचं काम नापास करून संसार चालवला. हुद्दा इन्स्पेक्टरचा. समोर ट्रेमध्ये तयार पार्ट यायचे. त्यातला कुठलाही एक उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर ठीक, नाही बसला तर अख्खा ट्रे परत. कामगार गयावया करायचा, "साहेब, केसभराचा तर फरक आहे." त्यावर रंगनाथराव म्हणायचे, "केस डोक्यावर शोभतो, पार्टवर नाही." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडे, की आमटीत मीठ कमी पडलं तरी ते घरी ऐकायला मिळे.

२००३ साली कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती आणली. इच्छा कंपनीची होती, निवृत्ती रंगनाथरावांची झाली. वय बावन्न, हात धडधाकट, आणि नापास करायला समोर काही नाही. सुवर्णाबाईंनी पंधरा दिवस हे सोसलं आणि मग त्यांनीच डोंगरावरच्या जमिनीचा विषय काढला.

ही जमीन वडिलांनी घेतलेली. घोटीच्या पुढे, इगतपुरीच्या अलीकडे, करंजवाडी नावाच्या वस्तीला लागून साडेतीन एकर डोंगर. वाटणीत पंचवटीमागचा मळा, सपाट आणि काळाभोर, थोरल्या भिमाजीकडे गेला, कारण तो झेंडू-शेवंती काढत होता. आणि डोंगर रंगनाथरावांकडे आला, कारण ते नोकरीला होते. वरच्या अंगाला साग, हिरडा, मोह आणि वडिलांनी लावलेले आंबे. त्या झाडीतून उतरत आलं की तळाशी पाऊण एकर भाताची खाचरं. मध्ये कुठेही चार पावलं सरळ जमीन नाही. नवरा-बायकोनं तिथे पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि वैशाखापासून दिवाळीपर्यंत तिथेच राहायचं ठरवलं.

वाडीत भाताचं सगळं काम सावडीनं चालायचं. आज सगळ्यांनी बुधाच्या खाचरात उतरायचं, उद्या झुंबरच्या, परवा चिमणाबाईच्या. ज्याचे जितके दिवस घेतले, तितके त्याला परत करायचे. पैशाचा संबंध नाही. बैलांचे दिवसही असेच फिरायचे. कुणाचा दिवस कुणाकडे राहिला हे कुठं लिहिलेलं नसे, ते बुधाच्या आईच्या, ठमाबाईच्या, डोक्यात असे आणि तिथे खाडाखोड चालत नसे.

पहिली दोन वर्षं विधात्यांचं भात असंच लागलं. सुवर्णाबाई वाडीतल्या बायकांबरोबर आवणीला, म्हणजे रोपं लावायला, जात. संध्याकाळी चिखलानं माखून आणि हसून हसून थकून घरी येत. रंगनाथराव मात्र बांधावर छत्री घेऊन बैलांची वाट बघत असत.

"बुधा, आपला नंबर कधी?"

"लागंल की, सायेब. बैलं मोकळी झाली की."

कारखान्यात असं उत्तर देणाऱ्याला त्यांनी मेमो दिला असता. "लागंल की" ही काही तारीख नव्हती. भिमाजीकडे पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर होता, पण तो मागितला तर ट्रॅक्टर दोन दिवसांसाठी मिळाला असता आणि उपदेश वर्षभर. शिवाय तो अंगानं एवढा, की झाडीतून खाली न्यायचा तर निम्मे आंबे तोडावे लागले असते. वडिलांच्या हातचं एकही झाड तोडायचं नाही आणि कुणाच्या बैलांची वाट बघायची नाही, असं रंगनाथरावांनी ठरवलं. आयुष्यभर लोक त्यांच्या टेबलापुढे ताटकळत उभे राहिले होते. उतारवयात आपण दुसऱ्याच्या दारात उभं राहावं, हे त्यांच्या जिवाला फार लागत होतं.

"यापुढे आपला ट्रॅक्टर. लहान. आपल्या मापाचा," त्यांनी सुवर्णाबाईंना सांगितलं.

"घ्या की," त्या म्हणाल्या. "पण आवणीचं काय?"

"ते पुढचं. आधी मशीन."

आणि दोनशे पानी वही आली.

ट्रॅक्टर निवडायला चौदा महिने लागले. द्राक्षबागांमुळे नाशकात लहान ट्रॅक्टरांना तोटा नव्हता. द्वारक्यापासून ओझरपर्यंत शोरूमच शोरूम. रंगनाथराव प्रत्येकात गेले, टेप काढली आणि चाकांखाली आडवे झाले. लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची, वळायला लागणारी जागा, पुढच्या चाकांना जोर आहे की नाही, उलट्या गिअरमध्ये चढ चढतो का, सगळं वहीत उतरलं. द्राक्षबागायतदार येत, रंग बघत, बायकोला फोन करत आणि तासाभरात ट्रॅक्टर घेऊन जात. त्यांच्याबद्दल रंगनाथरावांना मनापासून कीव वाटे.

एका शोरूममध्ये समाधान नावाचा तरुण विक्रेता होता. पहिल्या भेटीत त्यानं यांना चहा पाजला, हीच त्याची चूक. त्यानंतर रंगनाथराव दर गुरुवारी येऊ लागले. एकदा त्यांनी घरून स्टीलची वाटी आणली, ती पाण्यानं काठोकाठ भरून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली आणि समाधानला शोरूमच्या उतारावर ट्रॅक्टर तिरका उभा करायला सांगितला.

"काय बघताय, सर?"

"किती कलला की किती पाणी सांडतं. माझ्या डोंगरावर हा उलटला तर तू येणार आहेस का उचलायला?"

"सर, दुसरं कुणी असं विचारत नाही."

"म्हणूनच उलटतात," रंगनाथराव म्हणाले आणि वाटी पुसून पिशवीत ठेवली.

जमिनीचं मोजमाप त्याहून कडक. ओळंबा आणि शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्यांनी उताराची सतरा ठिकाणं मोजली. दोन झाडांमधलं प्रत्येक अंतर मोजलं. सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे वाटेवरचे दोन जुने मोह. त्यांच्यामधली फट शेहेचाळीस इंच. तिथून निघालं तरच खाली खाचरांत पोचायचं. मग त्यांनी बांबूची एक चौकट बांधली, ट्रॅक्टरच्या रुंदीची आणि लांबीची, आणि ती एका बाजूनं आपण, दुसऱ्या बाजूनं बुधानं धरून साऱ्या झाडीतून फिरवली. कारखान्यात पार्ट गेजमध्ये घालायचे, इथे गेजच डोंगरात घातलं. वाडीतली माणसं कामं टाकून बघायला आली.

"सायेब, ह्ये कशाचं?" बुधानं तिसऱ्या फेरीला विचारलं.

"ट्रॅक्टर जातोय का बघतोय."

"ट्रॅक्टर कुठंय?"

"अजून घ्यायचाय."

बुधानं चौकट पुन्हा उचलली. भल्या माणसांना वेड लागतं तेव्हा त्यांना एकटं सोडू नये, एवढं त्याला कळत होतं. तो चौथ्या फेरीलाही आला.

पंचेचाळीस इंची चौकट फांद्यांना अडली. चव्वेचाळीस इंची वळताना घासली. त्रेचाळीस इंची सुटली, दोन्ही अंगांना दीड दीड इंच सोडून. त्या संध्याकाळी रंगनाथराव फार खूश होते. सुवर्णाबाईंनी पुन्हा विचारलं, "पण आवणीचं काय ठरवलंत?" ते म्हणाले, "अगं, त्रेचाळीस!"

२००६ च्या मे महिन्यात ट्रॅक्टर आला. त्रेचाळीस इंच रुंद, अठरा हॉर्सपॉवरचा, चारही चाकांना जोर. समाधाननं कंपनीतर्फे पेढे दिले आणि स्वतःतर्फे सुटकेचा निःश्वास टाकला. पूजेला भिमाजी आला. त्यानं ट्रॅक्टरला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "छान आहे. मोठा झाल्यावर केवढा होईल?" पण रंगनाथराव चिडले नाहीत. चाकाखालचं लिंबू चिरडून ट्रॅक्टर निघाला आणि दोन मोहांच्या मधून, कुठेही न घासता, खाली उतरला.  चौदा महिन्यांचं चीज झालं होतं, आणि तसं म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

त्याच दिवशी, हातात प्रसाद घेऊन उभ्या असलेल्या वाडीसमोर, रंगनाथरावांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "मंडळी, यंदापासून आम्ही सावडीत नाही. तुम्हाला आमचा त्रास नको. आमचं आम्ही बघू."

ठमाबाईनं पेढा तोंडात टाकला. "बरं," ती म्हणाली.

सुवर्णाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की एकतीस वर्षांत कुठल्याही कामगाराची तसं पाहायची हिंमत झाली नसती. 

जुलैमध्ये लोखंडी चाकं चढवून ट्रॅक्टर खाचरांत उतरला. बैलांना जिथे चार दिवस लागत, तिथे दोन तासांत चिखल लोण्यासारखा झाला. वाडी बांधावर उभी राहून बघत होती आणि झुंबरनं तर शिट्टी मारली. रंगनाथराव घरी आले, कढत पाण्यानं आंघोळ केली आणि वहीत लिहिलं: "चिखलणी पूर्ण. एक तास बावन्न मिनिटं."

"आता?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"आता काय?"

"आता रोपं कोण लावणार? तुमचा ट्रॅक्टर?"

रंगनाथरावांनी वही चाळली. दोनशे पानं भरली होती. पुढच्या चाकातल्या हवेपासून मोहाच्या सालीच्या जाडीपर्यंत सगळं त्यात होतं. आवणी हा शब्द कुठेच नव्हता. सावड म्हणजे बैल, एवढंच त्यांनी बांधावरून पाहिलं होतं. बैलांच्या मागून जी पंधराएक माणसं वाकून वाकून सगळं खाचर हिरवं करत, ती त्यांना दिसली होती, पण मोजावीशी वाटली नव्हती.

"मी दोनदा विचारलं," सुवर्णाबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा तुम्ही मशीनचं बोललात."

"तू जाऊन सांग ना बायकांना."

"काय तोंडानं? पेढा देऊन सावड मोडलीत तुम्ही. आता तुम्हीच जा."

ते गेले नाहीत. आधी घोटीला गेले, मजूर आणायला. पण आवणीच्या दिवसांत त्या भागात रिकामा हात मिळणं अवघड. जो तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या खाचरात वाकलेला. समाधानला फोन केला. तो म्हणाला, रोपं लावायचं मशीन असतं, सर, पण ते सपाटीला चालतं. शेवटी कारखान्यातले तीन जुने सहकारी रविवारी डबे घेऊन आले. त्यांनी गाणी म्हणत एक कोपरा लावला, फोटो काढले, भजी खाल्ली आणि पाचच्या गाडीनं गेले. सहा वाजता त्यांनी लावलेली सगळी रोपं पाण्यावर तरंगत होती.

तिकडे वाफ्यातलं रोप वाढत चाललं होतं. बावीस दिवसांचं झालं, पंचवीस, अठ्ठावीस. पस्तीस दिवसांवर गेलं की रोपाला गाठ धरते, मग लावलं तरी फुटवे येत नाहीत आणि हाती नुसता पेंढा लागतो. वाडीतलं एकेक खाचर हिरवं होत होतं. मध्ये विधात्यांची पाऊण एकर तेवढी उघडी, लोण्यासारखी, चिखलाची. ती रस्त्यावरून दिसायची, घरातून दिसायची, आणि डोळे मिटले तरी दिसायची. एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी रंगनाथराव छत्री घेऊन ठमाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. जे टाळायला चौदा महिने खर्ची घातले, तेच.

ठमाबाई ओट्यावर बसून चिखलानं फुटलेल्या पायाच्या बोटांना तेल लावत होती.

"आमची आवणी राहिलीय," रंगनाथराव म्हणाले.

"दिसतंय की."

"तुम्ही लोक याल का?"

"सायेब, तुमीच म्हनले, आमी सावडीत नाय. आमी म्हनलं, बरं."

"मी ते बैलांचं म्हणत होतो, ठमाबाई."

"बैलांची येगळी आन् मानसांची येगळी, अशी सावड ऱ्हाती व्हय?"

रंगनाथरावांनी मग राखून ठेवलेला पत्ता टाकला. "असं करू. ज्यांची चिखलणी राहिलीय, त्या सगळ्यांची मी ट्रॅक्टरनं करून देतो. फुकट. बदल्यात एक दिवस या."

ठमाबाईचा तेलाचा हात थांबला. "फुकट? आन् आमी फेडायचं कशानं? आमच्या दारात हाय का ट्रॅक्टर? आमचं चार दिसाचं काम तुमी दोन तासांत करनार, मंग त्याचे आमी तुमाला किती दिस लागू? नको बाबा. जे फेडता येत नाय ते आमी घेत नाय." तिनं तेलाची बाटली बंद केली. "उद्या झुंबरची आवणी हाय. यायचं तर दोघंबी या. उजाडताच."

"मी?"

"हात हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन, रंगनाथराव झुंबरच्या खाचरात उतरले. पाऊस इगतपुरीचा, म्हणजे थांबायची बात नाही. त्यांनी रात्रीच एक आठ इंची काठी तासून ठेवली होती. एक रोप लावायचं, काठी ठेवायची, दुसरं लावायचं. शेजारून सुवर्णाबाई, चिमणाबाई आणि बाकीच्या बायका मागे मागे सरकत कधीच निघून गेल्या.

"सायेब, भात लावताय का दाराची चौकट बसवताय?" चिमणाबाई ओरडली, आणि सगळं खाचर हसलं.

दुपारपर्यंत कंबर लाकूड झाली होती. पण ओळी आखल्यासारख्या सरळ होत्या, आणि त्यांच्याकडे बघून रंगनाथरावांना बरं वाटत होतं. तेवढ्यात ठमाबाई त्या बाजूला आली. तिनं ओळीतलं कुठलंही एक रोप धरलं, उपटलं, मुळाशी बोट लावून बघितलं आणि बाजूला टाकलं.

"लय खोल. कुजंल. ह्या समद्या वळी काढा आन् परत लावा."

"सगळ्या?" रंगनाथरावांचा आवाज चिरकला. "अहो ठमाबाई, बोटभराचा तर फरक आहे!"

म्हटलं आणि त्यांना तो आवाज ओळखीचा वाटला. एकतीस वर्षं टेबलाच्या पलीकडून ऐकलेला. पलीकडच्या ओळीतून सुवर्णाबाई, मान वर न करता, म्हणाल्या, "केस डोक्यावर शोभतो, अहो."

रंगनाथरावांनी मुकाट्यानं सगळ्या ओळी उपटल्या. काठी बांधावर ठेवून दिली आणि नुसत्या हातानं लावायला लागले. तीनच्या सुमारास खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला. समाधान होता. नवीन गिऱ्हाइकांची विचारपूस करायची असते, म्हणून.

"सर, ट्रॅक्टर कसा आहे? काही दोष, काही तक्रार?"

रंगनाथराव गुडघाभर चिखलात उभे होते. समोर डोंगरावर, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली ट्रॅक्टर कोरडा ठणठणीत उभा होता. "नाही," ते म्हणाले. "ट्रॅक्टरमध्ये काही दोष नाही."

अंधार पडायच्या आत सगळी बांधावर आली. पाय धुतले, झुंबरच्या बायकोनं काळा चहा दिला. ठमाबाई दिवस मोजायला बसली. बोटं मोजायची नाहीत, नुसतं एकेकाच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं.

"चिमणाबाई येक. बुधा येक. सुवर्णाबाई येक." मग तिची नजर रंगनाथरावांवर आली. "सायेब अर्धा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं रंगनाथरावांना वाटलं.  

बुधाला राहवलं नाही. "आये, पयलाच दिस हाय त्यांचा. वयबी हाय. धर की पुरा."

 ठमाबाई रंगनाथरावांकडे बघत राहिली.

रंगनाथरावांनी वळून खाचराकडे पाहिलं. आपला कोपरा त्यांना लगेच सापडला. बाकीचं सगळं हिरवं एकसारखं उभं होतं आणि त्यांच्या कोपऱ्यातली रोपं दाही दिशांना बघत होती. दोन तर आताच उपटून वर आली होती. समोरच्या कामगाराचं वय त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पहिला दिवस आहे का, हेही नाही. फक्त पार्ट बघायचा.

"नाही, बुधा," ते म्हणाले. "काम अर्धंच आहे. अर्धाच धरा."

ठमाबाईनं दिवसभरात पहिल्यांदा मान डोलावली. "परवा समदी तुमच्याकडं येतो," ती उठत म्हणाली. "रोपं उपटून, जुड्या बांधून ठिवा."

घरी जाताना अंधारात सुवर्णाबाईंनी कंदील धरला होता. परवा चौदा माणसं येणार, म्हणजे चौदा दिवस परत द्यायचे. बायकोचा रोजचा एक, आपला अर्धा. रंगनाथराव मनात मोजत चालले होते. दहा दिवस तरी जाणार होते. दोन मोहांच्या मधून, दोन्ही अंगांना भरपूर जागा सोडून, ते वाकलेल्या कंबरेनं आरामात निघाले. सकाळी उजाडताच चिमणाबाईच्या खाचरात उभं राहायचं होतं.